फ्रेंचमधला 'ओं': क्रियापद एकाचं, माणसं अनेक

फ्रेंच शिकताना 'तू' आणि 'वू' यांच्यापाशी मराठी माणूस अडत नाही. तू-तुम्ही आपल्या अंगवळणी पडलेलंच आहे. पण गोची तिथेच होते. 'बाई, तुम्ही दमलेल्या दिसता' म्हणताना आपण एकट्या बाईंसाठी क्रियापदही अनेकवचनी करतो आणि 'दमलेल्या'ही. फ्रेंचमध्ये हा मान फक्त क्रियापदाला.

म्हणून आधी माणसं न मोजता क्रियापद लावून टाका. 'वू' (तुम्ही) आला की 'एत' (आहात; जोडून म्हणताना 'वू झेत'), समोर एक जण असो की पन्नास. 'ओं' आला की 'ए' (आहे; जोडून म्हणताना 'ओंने'), कायम एकवचनी. हा 'ओं' लॅटिन 'होमो'पासून, म्हणजे 'माणूस' या शब्दापासून आलाय. आज बोलताना 'आम्ही' किंवा 'आपण' म्हणायला 'नू'पेक्षा तोच जास्त चालतो.

आता विशेषणासाठी माणसं मोजा. 'तयार' असलेला पुरुष 'प्रे', स्त्री असेल तर 'ई' जोडून 'प्रेत'. (पहिल्यांदा म्हणताना कसंसंच होतं, इलाज नाही.) एकट्या बाईंना 'वू झेत प्रेत' लिहाल तेव्हा शेवटी 'एस' नको, मराठी सवयीने तो हमखास पडतो. दोघी मैत्रिणी असतील तर मात्र 'एस' हवा. घोळक्यात एक जरी पुरुष असला तरी सगळे पुल्लिंगी, कारण आपल्यासारखं 'दोघं आली' म्हणायला फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही.

'ओं'च्या वेळी एक चाचणी करा: त्याजागी 'नू' घालून अर्थ तोच राहतो का? राहिला तर विशेषणाला 'एस' लावा. 'ओं' म्हणजे 'कुणीही, लोक' असेल तर साधारणपणे पुल्लिंगी एकवचन ठेवा. 'आम्ही' या अर्थीही विशेषण एकवचनी ठेवणारे आहेत. ती चूक धरत नाहीत. मला स्वतःला 'एस' लावलेलं बरं वाटतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं की माणसं अनेक आहेत.

भूतकाळातही हेच, पण 'एत्र' (असणे) हे सहायक क्रियापद असेल तरच. 'आम्ही गेलो' म्हणजे 'ओं ए आले' (हो, फ्रेंचांचे 'आले' म्हणजे गेलेले!), तिथे 'एस' लागतो. 'आम्ही जेवलो' म्हणजे 'ओं ना मांझे'. इथे सहायक 'आव्वार' (जवळ असणे) आहे, म्हणून जेवणारे कितीही असोत, 'मांझे' तसंच राहतं.

हा 'एस' उच्चारात बहुतेकदा ऐकूच येत नाही. त्यामुळे कानावर विसंबू नका, वहीत लिहून बघा.