'कुठून आलात?' एवढं विचारून भागत नाही

जिओसेंटिनेल हे प्रवाशांच्या आजारांवर लक्ष ठेवणारं दवाखान्यांचं जाळं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ट्रॅव्हल मेडिसिन आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी ते १९९५ साली सुरू केलं. अशा कामात नव्याने येणाऱ्यांचा ओढा संगणकावरच्या आलेखांकडे असतो. पण नोंद बिघडते ती त्याच्या खूप आधी, रुग्णासमोरच्या टेबलावर.

प्रवासाचा इतिहास घेताना कॅलेंडर आणि पासपोर्ट समोर ठेवा आणि आजपासून मागे मागे जा. प्रत्येक देशासाठी पोचल्याची तारीख, निघाल्याची तारीख आणि मुक्कामाचं गाव लिहा. आजार सुरू झाल्याची तारीख वेगळी लिहा. दवाखान्यात आल्याची तारीख तिथे चालत नाही.

समजा, लंडनची एक बाई तीन आठवडे पुण्यात माहेरी राहिली, परतताना दोन दिवस दुबईत थांबली आणि घरी पोचल्यावर बाराव्या दिवशी तिला ताप आला. घाईत नोंदणारा शेवटचा देश म्हणून दुबई टाकून मोकळा होतो. पुणं सोडून १४ दिवस झालेत. टायफॉइडचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचे दिवस) साधारण ६ ते ३० दिवस, म्हणजे पुणं सहज बसतं. डेंगीचा ३ ते १४ दिवस, म्हणजे पुणं अगदी काठावर. फाल्सिपेरम हिवतापाला किमान सातेक दिवस लागतात. व्हायवॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकार मात्र काही महिन्यांनीही डोकं वर काढतो, म्हणून मागच्या वर्षीचे प्रवासही विचारावे लागतात.

याच बाईच्या प्रवासाचं कारण 'पर्यटन' लिहिलं तर दुसरी चूक. 'नातेवाइकांच्या भेटीला' हा वेगळा गट आहे. आपल्याच घरी चाललोय म्हणून ही माणसं निघण्यापूर्वी सल्ला घेत नाहीत, लस टाळतात, घरातलंच पाणी पितात. परदेशातल्या मराठी कुटुंबांना हे तंतोतंत लागू पडतं.

निदानाच्या रकान्यात 'खात्रीशीर' आणि 'संभाव्य' यांची गल्लत करू नका. टायफॉइडसाठी अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वीचं ब्लड कल्चर हवं. नुसत्या विडाल या रक्तचाचणीवर खात्रीशीर लिहू नये. हिवतापाचा पहिला स्मिअर (काचपट्टीवरचा रक्ताचा नमुना) निगेटिव्ह आला तरी १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीन बघतात. डेंगीच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी; नंतरच्या आयजीएम या प्रतिपिंडांच्या चाचणीला झिका संसर्गामुळे किंवा पीतज्वर, जपानी मेंदूज्वर यांच्या लशींमुळे फसवं पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणून लसीकरणाची नोंद निदानाइतकीच महत्त्वाची.

विश्लेषणात सगळ्यात जास्त घोटाळा छेदाचा, म्हणजे 'एकूण कितींपैकी' या आकड्याचा होतो. आजारी पडून दवाखान्यात आलेले तेवढे दिसतात; त्या देशात एकूण किती जण जाऊन आले, हे या नोंदींत नसतं. त्यामुळे 'आजारी परतलेल्यांत डेंगीचं प्रमाण किती' हे सांगता येतं, 'तिथे गेल्यास डेंगी होण्याचा धोका किती' हे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १७,३५३ आजारी प्रवाशांच्या अभ्यासातून प्रदेशवार चित्र मिळालं ते अशा तुलनात्मक प्रमाणांतूनच. जाळ्यात नवे दवाखाने आले की आकडे आपोआप फुगतात, तेही तपासा.

या जाळ्याची खरी ताकद इशारा देण्यात आहे. २००० साली बोर्निओतल्या साबा प्रांतात इको-चॅलेंज ही साहसी स्पर्धा झाली. वेगवेगळ्या देशांचे ३०४ स्पर्धक आपापल्या घरी पांगले आणि तापाने पडू लागले. एकेका डॉक्टरसमोर एखाददुसराच रुग्ण, पण अमेरिकेतल्या दोन आरोग्य विभागांकडून आणि जिओसेंटिनेलकडून आलेल्या खबरा सीडीसीत एकत्र झाल्या. तो लेप्टोस्पायरोसिस निघाला, आणि सेगामा नदीतल्या पोहण्याशी त्याचा संबंध जुळला. 'कुठे गेला होता' याच्या पुढे जाऊन 'तिथे काय केलं' हे विचारायचं ते यासाठी: गोड्या पाण्यात उतरणं, प्राणी चावणं, कच्चं दूध, सुया.

शिकायचं असेल तर भारतात दोन चांगल्या वाटा आहेत: चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा क्षेत्रीय प्रशिक्षण कार्यक्रम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा (एनसीडीसी), २०१२ मध्ये सुरू झालेला 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' (ईआयएस) हा साथींच्या तपासाचा प्रशिक्षण कार्यक्रम. प्रवास-वैद्यकासाठी वर उल्लेखलेल्या सोसायटीची 'सर्टिफिकेट इन ट्रॅव्हल हेल्थ' परीक्षा डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका आणि फार्मासिस्टही देऊ शकतात.