टेस्ट विकीवर प्रचालक अधिकार मागताना या चुका टाळा

मराठी किंवा कोंकणी विकिपीडियावर मन लावून लिहिणारा माणूस कधी ना कधी एका जागी अडतो. गोव्यातल्या डिचोलीवर एक पान असतं, दुसऱ्या कुणी बिचोलिम नावानं तेच पुन्हा केलेलं असतं. दोन्हींचे इतिहास, म्हणजे आजवरच्या बदलांच्या नोंदी, जोडायला हवेत हे कळतं, पण ती सोय फक्त प्रचालकांकडे, म्हणजे पानं वगळण्या-सुरक्षित करण्यासारखे जादा अधिकार असलेल्या सदस्यांकडे असते. खऱ्या विकिपीडियावर प्रचालक व्हायला तिथल्या सदस्यांचा कौल लागतो, आणि कौल मागण्याआधी ही साधनं वापरून पाहिलेली असावीत. त्यासाठी सराव विकी आहेत: विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचा टेस्ट विकिपीडिया, त्याच्या जोडीचा टेस्ट 2, आणि मिराहेझ या विकींना जागा देणाऱ्या सेवेवरचा पब्लिक टेस्ट विकी. इथे कौल वगैरे काही नसतो, साधी विनंती पुरते. तरीही विनंत्या अडकतात, मिळालेले अधिकार परतही घेतले जातात, आणि कारणं बहुधा तीच ती असतात.

विनंतीत काम लिहिलेलं नसतं

‘मला शिकायचं आहे, कृपया प्रचालक करा.’ अधिकार देणाऱ्या स्वीकृती अधिकाऱ्याला या वाक्यातून काहीच कळत नाही. तो तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या खात्याचा इतिहास तो पाहतोच, पण पुढे तुम्ही काय करणार आहात हे त्याला विनंतीतूनच समजायला हवं. तीन गोष्टी लिहा: मुळात कुठे काम करता, कोणतं साधन हाताळून पाहायचं आहे, आणि किती दिवसांसाठी. उदाहरणार्थ: ‘मी मराठी विकिपीडियावर गोव्याच्या गावांवर लिहितो. दोन पानांचे इतिहास जोडणं आणि मागे पुनर्निर्देशन न ठेवता पान हलवणं, यांचा सराव करायचा आहे. एक महिना पुरे.’ या विकींचा कारभार इंग्रजीत चालतो, म्हणून हेच साध्या इंग्रजीत लिहा. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते, काम स्पष्ट हवं.

मुदत जरूर मागा. 2017 पासून मीडियाविकीत, म्हणजे हे विकी ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, ठरावीक तारखेला आपोआप संपणारे अधिकार देता येतात, त्यामुळे देणाऱ्यालाही हात आखडता घ्यावा लागत नाही. नोंदींतली वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार दिसू शकते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत, तेव्हा ‘मुदत संपायच्या आधीच अधिकार गेला’ असं म्हणण्यापूर्वी हा हिशेब करून पाहा.

दुसरी घाई म्हणजे एकाच विनंतीत सगळंच मागणं. ‘इंटरफेस प्रचालक’ हा गट 2018 मध्ये वेगळा केला गेला, कारण साऱ्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्ट कोड बदलण्याची ताकद त्यात आहे. विकिमीडियावर या गटासाठी द्विस्तरीय पडताळणी सक्तीची आहे. इतिहास जोडायला, पान वगळायला किंवा सुरक्षित करायला त्याची गरज नसते. नसलेली गरज दाखवली की मूळ विनंतीवरही शंका येते. प्रचालकाच्या खात्यालाही विकिमीडियावर किमान 10 अक्षरी पासवर्ड लागतो, तो आधीच बदलून ठेवा.

‘अधिकार मिळाला, पण बटण दिसत नाही’

सर्वांत आधी ब्राउझरमधला पत्ता बघा. टेस्ट विकिपीडिया आणि टेस्ट 2 दिसायला जवळजवळ सारखे आहेत, पण खातं सगळीकडे एकच असलं तरी प्रचालकपद त्या त्या विकीपुरतं असतं. एकावर अधिकार घेऊन दुसऱ्यावर बटण शोधत बसणं अगदी सहज घडतं.

पत्ता बरोबर असेल तर तुम्ही मोबाइल आवृत्तीत आहात का ते पाहा. फोनवरच्या मांडणीत वगळणं, सुरक्षित करणं हे पर्याय सहसा समोर नसतात. पानाच्या तळाशी डेस्कटॉप दृश्याचा दुवा असतो, तो दाबा. संगणकावर व्हेक्टर 2022 ही त्वचा (पानाची दृश्य मांडणी) असेल तर हे पर्याय उजवीकडच्या ‘साधने’ मेन्यूत असतात, जुन्या सवयीनं वरच्या पट्टीत शोधाल तर सापडणार नाहीत. एवढं करूनही नसेल तर ‘माझ्या पसंती’मध्ये सदस्यगटांची ओळ वाचा. तिथे ‘प्रचालक’ नसेल तर अधिकार मिळालेलाच नाही.

मराठी इंटरफेस ठेवून काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. मदत करणारा इंग्रजी नावं सांगतो आणि आपल्याला पडद्यावर मराठी दिसतात. अशा वेळी पानाच्या पत्त्याच्या शेवटी रोमन अक्षरांत ‘uselang=qqx’ जोडा (पत्त्यात आधी प्रश्नचिन्ह असेल तर अँपरसँड लावून, नसेल तर प्रश्नचिन्ह लावून). प्रत्येक लेबलाच्या जागी त्या संदेशाचं अंतर्गत नाव दिसतं आणि दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलू लागतात. मीडियाविकी नामविश्वातलं (जिथे इंटरफेसचे संदेश ठेवलेले असतात) कोणतं पान बदलायचं हेही त्यातूनच कळतं.

इतिहास जुळत नाही

डिचोली-बिचोलिमचा सराव करायला बसलात की इतिहास जोडण्याचं पान कधी कधी सरळ नकार देतं. तो बिघाड नसतो. ज्या पानातून आवृत्त्या घ्यायच्या, त्या लक्ष्य पानाच्या सर्वांत जुन्या आवृत्तीपेक्षाही जुन्या असाव्या लागतात. दोन पानं एकाच काळात समांतर वाढली असतील तर त्यांची आवृत्त्यांनुसार सरमिसळ करून हाती फक्त गोंधळ येतो: एका आवृत्तीत बाजाराचा परिच्छेद, पुढचीत तो गायब, त्यापुढे पुन्हा हजर. तिथे मजकूर हातानं एकत्र करायचा, सारांशात मूळ पानाचा दुवा द्यायचा, आणि दुसऱ्या पानाचं पुनर्निर्देशन करायचं. कुठे जोडायचं आणि कुठे जोडायचं नाही, हा फरक सरावातून कळला तरी अधिकार मागितल्याचं सार्थक झालं असं मी मानतो. सुरुवातीला स्वतःच्या सदस्य पानाखाली दोन छोटी पानं करून, एक आज आणि एक उद्या, हा प्रयोग करून बघा.

दुसऱ्याच्या खात्यावर प्रयोग

अधिकार जाण्याचं हे सर्वांत मोठं कारण. कुणालाही न विचारता प्रतिबंधित करून, म्हणजे संपादनापासून रोखून, पाहणं हे सराव विकीवरही वाईट वागणं आहे. सरावासाठी दुसरं खातं उघडा आणि ते तुमचंच असल्याचं दोन्ही सदस्य पानांवर लिहा. मात्र आपोआप होणारा प्रतिबंध बंद ठेवा. नाहीतर ते खातं ज्या आयपी पत्त्यावरून वापरलं तोही साधारण 24 तास अडकतो, आणि कॉलेजच्या वायफायवर किंवा मोबाइल डेटावर असाल तर तोच पत्ता वापरणारी इतर मंडळी विनाकारण बाहेर राहतात. भारतातल्या मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे खूप ग्राहक ठेवतात हे लक्षात असू द्या.

आयपी पट्ट्याचा, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटाचा, प्रतिबंध शिकायचा असेल तर आणखी जपा. /16 एवढ्या एका पट्ट्यात 65,536 पत्ते येतात. सरावासाठी 192.0.2.0/24, 198.51.100.0/24 किंवा 203.0.113.0/24 वापरा. हे तीन पट्टे दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यांवरून प्रत्यक्षात कुणी इंटरनेट वापरत नाही.

स्वतःच स्वतःला प्रतिबंधित केलंत तर घाबरू नका, तो प्रतिबंध प्रचालकाला स्वतः काढता येतो. दुसऱ्यानं लावलेला मात्र काढता येत नाही, तिथे चर्चापानावर शांतपणे विचारायचं.

संपादन गाळणी (ठरावीक अटींत बसणारी संपादनं आपोआप पकडणारा नियम) लिहिताना पहिली अट स्वतःच्या सदस्यनावाची ठेवा आणि सुरुवातीला ती फक्त नोंद करेल असंच ठेवा. मुखपृष्ठ आणि सर्वांना दिसणारी साइट-सूचना यांना हात लावू नका.

वगळलं म्हणजे गेलं, हा समज

वगळलेलं पान वाचकांना दिसत नाही, पण त्या विकीवरच्या प्रत्येक प्रचालकाला दिसतं, आणि सराव विकीवर प्रचालक भरपूर असतात. म्हणून ‘नंतर वगळीनच’ म्हणून मित्राचा फोन नंबर, शाळेची हजेरी किंवा कुणाच्या पुस्तकातला उतारा चाचणीसाठी चिकटवू नका. विकिमीडियावर प्रकाशित केलेला मजकूर 2023 पासून सीसी बाय-एसए 4.0 या, श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कुणालाही मजकूर वापरू देणाऱ्या, परवान्याखाली जातो, टेस्ट विकीही त्यातून सुटत नाही. चाचणीला स्वतः लिहिलेलं काहीतरी वापरा. गोव्याच्या 12 तालुक्यांची यादी घेतलीत तरी साचा, वर्ग, स्थानांतर, सुरक्षा असा सगळा सराव त्यावर होतो. झाला की पानं वगळा, सुरक्षा काढा, प्रतिबंध उठवा. मागचं आवरणाऱ्याला पुढच्या वेळी विनंती मान्य व्हायला अडचण येत नाही.

विनंती नाकारली गेली तर

लगेच दुसरी टाकू नका. नकाराचं कारण वाचा. खातं अगदी नवं असेल तर काही आठवडे मूळ विकीवर काम करून या, दुसऱ्या विकीवर प्रतिबंध असेल तर तो आधी निस्तरा. अधिकार काढला गेला असेल तर अधिकारांच्या नोंदीत काढणाऱ्यानं कारण लिहिलेलं असतं, आणि अनेकदा ते फक्त ‘निष्क्रिय’ एवढंच असतं. मग पुन्हा मागायला हरकत नाही.

थांबायचं नसेल तर मीडियाविकी स्वतःच्या लॅपटॉपवर बसवता येतं. ते मोफत आहे, पीएचपी आणि एसक्यूलाइटवर चालतं, आणि बसवताना केलेलं पहिलं खातं आपोआप प्रचालक आणि स्वीकृती अधिकारी होतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात नेट गेलं तरी ते चालू राहतं. तिथे वगळणं, जोडणं, सुरक्षित करणं हवं तेवढं करा. एक गोष्ट मात्र तिथे शिकता येत नाही: कारवाई केल्यावर समोरच्याला ती का केली हे समजावून सांगणं. त्यासाठी माणसं असलेला विकीच लागतो.