पिकअपचा रिव्हर्स कॅमेरा : नवा घेण्याआधी अर्थिंग मोजा

पिकअपचा रिव्हर्स कॅमेरा बंद पडला की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो नवा कॅमेरा बसवण्याचा. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. कॅमेऱ्याच्या काचेमागे पाणी शिरलेले नसेल आणि त्याला थेट मार बसलेला नसेल, तर दोष वायरमध्ये, जोडात किंवा अर्थिंगमध्ये (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या, गाडीच्या धातूला दिलेल्या जोडामध्ये) असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. तो दोष तसाच ठेवून बसवलेला महागडा कॅमेराही पहिल्याच पावसाळ्यात आधीच्या कॅमेऱ्याच्या वाटेने जातो. म्हणून पुढील पद्धतीत कॅमेरा बदलण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. हे मार्गदर्शन बारा व्होल्टच्या, मागे उघडा हौदा आणि खाली पडणारा फाळका असलेल्या मालवाहू पिकअपसाठी आहे. कारसाठी दिलेल्या सूचना या गाडीवर जशाच्या तशा लावल्यामुळेच निम्मी कामे बिघडतात.

दोष नेमका कोठे आहे

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे, रिव्हर्स गिअर टाकावा आणि मागे जाऊन रिव्हर्सचा दिवा लागतो का ते पाहावे. दिवा लागत नसेल तर कॅमेऱ्याला हात लावण्याचे कारणच नाही. फ्यूज, बल्ब किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच यांपैकी काहीतरी गेलेले आहे आणि ते दुरुस्त होताच कॅमेराही बहुधा सुरू होतो.

दिवा लागत असेल आणि पडदा काळा किंवा निळा राहत असेल, तर कॅमेरा काढून केबिनमध्ये आणावा, दोन हात लांबीच्या केबलने थेट पडद्याला जोडावा आणि गाडीच्याच बॅटरीवरून त्याला वीज द्यावी. चित्र आले तर कॅमेरा आणि पडदा दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष गाडीतील वायर, जोड किंवा अर्थिंगमध्ये आहे. ही चाचणी करण्यापूर्वी कोणी नव्या कॅमेऱ्याचे बिल हातात ठेवत असेल, तर ते देऊ नये.

चित्र धूसर दिसत असल्यास काच आतून की बाहेरून धूसर झाली आहे हे आधी पाहावे. बाहेरचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने निघतो. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास प्लॅस्टिकची काच कायमची पांढरी पडते. आत बाष्प असेल तर मात्र तो कॅमेरा संपला असे समजावे. उघडून, वाळवून पुन्हा चिकटवलेला कॅमेरा टिकल्याचे मी पाहिलेले नाही.

अर्थिंग

या कामातील खरा अवघड टप्पा हाच आहे. मलाही तो समजायला बराच काळ लागला, कारण येथे मल्टिमीटर उघडपणे खोटे बोलतो असे वाटते. मागच्या जोडावर मीटर लावला की साडेबारा व्होल्ट दिसतात, सर्व काही ठीक वाटते, आणि कॅमेरा जोडताच चित्र थरथरते किंवा नाहीसे होते. याचे कारण असे की मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. एका केसाएवढ्या तारेतून किंवा गंजाच्या पातळ थरातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज मिळते. प्रवाह वाहू लागला की तोच गंज अडथळा होतो. त्यामुळे भार न जोडता घेतलेल्या मोजमापावर कधीही विश्वास ठेवू नये.

पिकअपमध्ये हा प्रश्न कारपेक्षा अधिक तीव्र असतो. कारच्या सांगाड्याचे पत्रे एकमेकांना वेल्ड केलेले असतात. पिकअपचा हौदा मात्र चॅसीवर बोल्टांनी आवळलेला असतो आणि मध्ये अनेकदा रबर किंवा लाकडाच्या पट्ट्या असतात. दोन्ही भाग रंगवलेले असतात, त्यामुळे हौद्याच्या पत्र्यात स्क्रू मारून घेतलेली अर्थिंग चॅसीपर्यंत केवळ त्या बोल्टांच्या आट्यांमधून पोहोचते. रिकामी गाडी खड्ड्यातून गेली की हा संपर्क तुटतो आणि भरलेली असली की जुळतो. अशा गाडीचा चालक 'कॅमेरा कधी चालतो, कधी चालत नाही' अशी तक्रार करतो आणि ती अगदी खरी असते. हौद्यात स्वतः वाट काढणारा स्क्रू मारून अर्थिंग घेण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो स्वीकारू नये.

दुसरी गोष्ट व्हिडिओ केबलची आहे. पिवळ्या पिनच्या केबलमध्ये मधली तार चित्राचा संकेत नेते आणि तिच्याभोवतीची जाळी पडद्याच्या अर्थिंगला जोडलेली असते. कॅमेऱ्याची स्वतःची अर्थिंग कमकुवत असेल, तर त्याचा परतीचा प्रवाह या जाळीतून पुढे जाऊ लागतो. चित्राचा संकेत जेमतेम एक व्होल्टचा असतो, त्यामुळे जाळीवर निर्माण झालेला दशांश व्होल्टचा फरकही पडद्यावर आडव्या पट्ट्यांच्या किंवा सरकत्या चित्राच्या रूपाने दिसतो. मागच्या दिव्यांची अर्थिंग कॅमेऱ्याबरोबर एकाच लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टाखाली आवळायच्या धातूच्या कडीवर) असेल तर लक्षण आणखी स्पष्ट होते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या एका पिकअपमध्ये उजवा इंडिकेटर लावला की पडद्यावरचे चित्र प्रत्येक उघडझापेबरोबर बाजूला झुकत होते. त्या गाडीचे कॅमेरे वारंवार बदलले गेले होते. लगचा बोल्ट सोडवला तेव्हा खाली रंगाचा थर जसाच्या तसा होता, त्यावर हिरवट भुकटी साचली होती आणि लगची केवळ एक कड आट्याला टेकलेली होती. इंडिकेटर किंवा ब्रेकबरोबर चित्र हलत असेल तर दोष अर्थिंगचाच आहे, हे तेव्हापासून मी निदानाचे पहिले सूत्र मानतो.

अर्थिंग मोजण्याची योग्य रीत अशी आहे. एकवीस वॅटचा रिव्हर्सचा बल्ब होल्डरसह घ्यावा. हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह ओढतो. त्याची एक वायर रिव्हर्स दिव्याच्या जिवंत वायरला आणि दुसरी ज्या बिंदूवर अर्थिंग घ्यायची आहे त्याला लावावी. रिव्हर्स गिअर टाकून बल्ब पेटला की मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवावा, त्याची एक टोचणी त्या अर्थिंगच्या बिंदूवर आणि दुसरी एका लांब जादा वायरने थेट बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावी. वाचन 0.1 व्होल्टपर्यंत असेल तर जागा उत्तम आहे. 0.3 किंवा त्याहून अधिक आल्यास ती जागा सोडावी किंवा साफ करावी. लांब वायर बाळगण्याचा कंटाळा करून जवळच्या दुसऱ्या बोल्टवर मोजणारे अनेक जण असतात. त्या मोजमापाला काहीही अर्थ नसतो, कारण दोन्ही बोल्ट सारखेच खराब असू शकतात.

जागा साफ करायची म्हणजे चॅसीच्या मूळ बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडे करावे, दातेरी वॉशर घालून कथिल चढवलेला तांब्याचा लग आवळावा आणि आवळून झाल्यानंतर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. ग्रीस आधी लावू नये. दिव्यांच्या लगवर दुसरा लग चढवू नये. मिरकरवाड्यासारख्या बंदरातून मासळी नेणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी सतत चॅसीवर ठिबकते. अशा गाडीत ही जागा दर पावसाळ्यापूर्वी उघडून पाहणे आवश्यक आहे.

सर्वांत उत्तम उपाय मात्र मागे अर्थिंग घेणेच टाळणे हा आहे. कॅमेऱ्याची वीज आणि अर्थिंग दोन्ही पडद्याच्याच जागेवरून, व्हिडिओच्या केबलसोबत मागे न्यावीत. मग परतीचा मार्ग एकच राहतो, जाळीतून प्रवाह जाण्याचे कारण उरत नाही आणि हौद्याचे बोल्ट सैल झाले तरी चित्रावर परिणाम होत नाही. ट्रकसाठी मिळणाऱ्या चार पिनांच्या, आटे असलेल्या केबलमध्ये हे आपोआप घडते, कारण तिच्यात वीज, अर्थिंग, चित्र आणि आवाज या चारही तारा एकत्र असतात. पिकअपसाठी मी आता केवळ हीच केबल वापरतो. तिच्यासोबत धातूच्या ब्रॅकेटचा कॅमेरा घेतल्यास त्याचे आवरण आतून अर्थिंगला जोडलेले आहे का हे मीटरने तपासावे आणि असेल तर ब्रॅकेट व चॅसी यांमध्ये रबराचा वॉशर घालावा. अन्यथा टाळलेला दुसरा मार्ग मागच्या दाराने परत येतो.

या केबलबाबत एक इशारा मी ठामपणे देतो. चार पिनांचा क्रम सर्व उत्पादकांचा सारखा नसतो. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या पडद्याला लावण्यापूर्वी कोणत्या पिनवर बारा व्होल्ट येतात हे मोजलेच पाहिजे. व्हिडिओच्या पिनवर बारा व्होल्ट गेल्यास कॅमेरा क्षणात जळतो आणि त्यावर दुरुस्ती नसते.

नवा कॅमेरा निवडताना

चित्राची स्पष्टता वाढवायची असेल तर कॅमेरा आणि पडदा दोन्ही एएचडी (अधिक स्पष्ट चित्राचा अ‍ॅनालॉग संकेत) प्रकारचे आणि एकाच रिझोल्यूशनचे असावे लागतात. जुन्या, केवळ सीव्हीबीएस (साध्या स्पष्टतेचा जुना अ‍ॅनालॉग) संकेत ओळखणाऱ्या पडद्याला एएचडी कॅमेरा जोडल्यास पडदा कोरा राहतो किंवा विस्कटलेल्या रेषा दिसतात, आणि दुकानात परत केलेले अनेक 'खराब' कॅमेरे प्रत्यक्षात याच कारणाने परत आलेले असतात. जलरोधकतेसाठी आयपी67 हे किमान मानावे. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे एवढाच आहे. धुण्याच्या केंद्रावरील जोरदार फवाऱ्याला तोंड द्यायचे असेल तर आयपी69के घ्यावा. एकशे सत्तर अंशांच्या दाव्याला भुलू नये. इतक्या रुंद काचेत मागची भिंत असते त्याहून बरीच दूर दिसते. मालवाहू पिकअपला एकशे वीस ते एकशे चाळीस अंश पुरेसे आहेत.

बसवणे

कोणतीही वायर कापण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. कॅमेरा फाळक्यावर कधीही बसवू नये. फाळका उघडताच तो जमिनीकडे पाहू लागतो आणि बिजागरापाशी केबल रोज वाकून तुटते. चॅसीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, नंबर प्लेट झाकली जाणार नाही अशी जागा निवडावी, आणि भोक पाडण्यापूर्वी फाळका पूर्ण खाली सोडून तो कॅमेऱ्यावर आदळत नाही ना हे पाहावे.

केबल चॅसीच्या आतल्या बाजूने, मूळ वायरिंगसोबत, नालीदार पाइपमधून न्यावी. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि पाटे यांपासून ती दूर असावी. केबिनच्या पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून केबल वाचवणारी कडी) वापरावा आणि त्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते.

पडद्याची वीज इग्निशननंतर जिवंत होणाऱ्या वायरवरून, दोन किंवा तीन अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यावी. थेट बॅटरीवरून घेतल्यास काही दिवस उभी राहिलेली गाडी स्टार्ट होत नाही. रिव्हर्सची सूचना देणारी बारीक वायर गिअरबॉक्सच्या स्विचवरून दिव्याकडे जाणाऱ्या वायरला जोडावी. स्विचवर दोन वायरी असतात. रिव्हर्स टाकल्यावरच जिवंत होणारी वायर आपल्याला हवी आहे.

जोड देताना निळ्या रंगाचे, दाबून बसवायचे झटपट कनेक्टर वापरू नयेत. त्यांचे पाते तारेच्या काही धाग्यांना कापते आणि उघड्या राहिलेल्या जागेतून पाणी आत शिरते. तारांना पिळा द्यावा, कथिलाचा डाग द्यावा आणि आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी. जोडावर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते, म्हणून सिलिकॉन लावायचेच असेल तर न्यूट्रल प्रकारचे लावावे.

शेवटची तपासणी

इंजिन चालू करून रिव्हर्स टाकावा, इंडिकेटर, ब्रेक आणि हेडलाइट एकेक करून लावावेत आणि चित्र जराही हलत नाही हे पाहावे. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या हलक्या वाहनांना लागू असलेल्या नियमानुसार रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसले पाहिजे आणि गाडीमागची दहा फूट रुंद व वीस फूट लांब जागा त्यात आली पाहिजे. आपल्या कामासाठीही हेच माप वापरणे योग्य आहे. त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात आणि चारही दिसेपर्यंत ब्रॅकेट तिरके करावे.

पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेषा कारच्या उंचीसाठी आखलेल्या असतात. शिवाय माल भरला की पिकअपचे पाटे दबतात, मागचा भाग खाली बसतो आणि तीच रेषा जमिनीवर वेगळ्या जागी पडते. म्हणून कॅमेऱ्यातील त्या रेषा बंद कराव्यात. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यासाठी एका बारीक वायरचे वेटोळे कापावे लागते, मात्र त्याचा रंग सोबतच्या पत्रकात पाहूनच कात्री लावावी, कारण शेजारचे वेटोळे चित्र उलटे करणारे असते. त्यानंतर नेहमीचा माल भरून, बंद फाळक्यापासून एक आणि दोन मीटरवर वीट ठेवावी आणि ती पडद्यावर जेथे दिसते तेथे कडेला चिकटपट्टीच्या दोन खुणा कराव्यात. गाडी रिकामी असताना या खुणांचे अंतर किती बदलते तेही त्याच वेळी पाहून ठेवावे, आणि गाडी चालवणारे एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाला ते प्रत्यक्ष दाखवावे.