सुट्टीत अणुबॉम्बवर काय वाचायचं (आणि मी काय वाचून फसलो)

संरक्षणशास्त्राला ॲडमिशन घेतलेल्या ज्युनियर पोरापोरींचा दर मे महिन्यात एकच मेसेज, दादा सुट्टीत काय वाचू. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी मी काय केलं ते सांगतो, कारण ते करू नका. अप्पा बळवंत चौकातून आंतरराष्ट्रीय संबंधांच्या थिअरीचं एक जाडजूड सेकंडहँड पुस्तक आणलं, नवी पेठेतल्या अभ्यासिकेत पंख्याखाली बसून हायलायटरने पिवळं करत सुटलो आणि चाळिसाव्या पानावर गाडी जी अडकली ती जूनपर्यंत तिथंच. पुढे तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "आपल्यावर मोठा रासायनिक हल्ला झाला तर नो फर्स्ट यूजचं काय?" मी छाती काढून सांगितलं, काही नाही सर, आपण अण्वस्त्र पहिलं वापरतच नाही. सर नुसते हसले.

4 जानेवारी 2003 ला सरकारने अणुधोरण जाहीर केलं त्यात सरळ लिहिलंय, भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर द्यायचा पर्याय आपण राखून ठेवतो. कटिंग चहा संपायच्या आत वाचून होईल एवढं ते प्रसिद्धीपत्रक, आणि मी थिअरी रंगवत बसलो होतो! तर पहिलं हे वाचा. मग एनपीटी, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करार, फक्त 11 कलमं आहेत. नववं नीट वाचा, 1 जानेवारी 1967 च्या आधी ज्याने स्फोट केला तोच अण्वस्त्रधारी देश. आपला पोखरणचा स्फोट 1974 चा, म्हणजे त्या हिशेबात आपण कायमचे बाहेर, आणि आपण सही का करत नाही हे कुठल्याही गाइडपेक्षा या एका ओळीतून जास्त कळतं.

पुस्तकांत सुरुवात जॉन हर्सीच्या 'हिरोशिमा'ने करा. 1946 चं आहे, छोटं आहे, बॉम्बमधून जिवंत वाचलेल्या सहा माणसांची हकीकत. एका बैठकीत होईल पण रात्री वाचू नका, मला झोप लागली नव्हती. किलोटन (स्फोटाची ताकद), डिटरन्स (धाक दाखवून हल्ला रोखणं) हे शब्द नंतर वापरताना ती माणसं डोक्यात राहतात, निदान माझ्या तरी.

मग खरी मजा. 1998 च्या आपल्या अणुचाचण्यांनंतर वाटाघाटींसाठी आपले जसवंत सिंग (पुढे परराष्ट्रमंत्री) आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट 14 वेळा भेटले, 7 देशांत. दोघांनीही पुस्तकं लिहिलीत, टॅलबटचं 'एंगेजिंग इंडिया' 2004 चं, जसवंत सिंगांचं 'अ कॉल टू ऑनर' 2006 चं. जसवंत सिंगांचं अख्खं वाचायची गरज नाही, त्या वाटाघाटींचा भाग काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. टेबल तेच, माणसं तीच, पण कुणाला काय महत्त्वाचं वाटलं, कोण काय गाळतोय, हे वहीत दोन रकाने पाडून लिहा. मी जयकर ग्रंथालयात हे आठवडाभर केलं आणि परराष्ट्र धोरण म्हणजे काय ते तिथं पहिल्यांदा कळलं, वर्गात नाही. तिसरा रकाना हवा असेल तर फिरोज हसन खान यांचं 'ईटिंग ग्रास', पाकिस्तानच्या बॉम्बवर, त्यांच्याच एका निवृत्त ब्रिगेडियरने लिहिलेलं. आपल्याला टोचणाऱ्या जागा आहेत, तिथंच पेन्सिल लावा.

कंटाळा आला तर एरिक श्लोसरचं 'कमांड अँड कंट्रोल'. 1980 मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सामध्ये हवाई दलाच्या एका जवानाच्या हातून पान्याचा सॉकेट खाली पडतो, अण्वस्त्र बसवलेल्या क्षेपणास्त्राची इंधनटाकी फुटते, पुढचं थ्रिलरसारखं पळतं.

जॉर्ज पर्कोविचचं 'इंडियाज न्यूक्लियर बॉम्ब' मात्र मे मध्ये उघडू नका. भाभांपासून पोखरणपर्यंत सगळं आहे, फार चांगलं आहे, पण वजनानेच हात दुखतो. पाऊस सुरू झाला की घ्या. माझी शेवटची दोन प्रकरणं अजून राहिलीयेत, कुणाला सांगू नका.