गोवळकोंड्याचा रात्रीचा शो पाहायचा तर आधी उजेडात किल्ला चढा

माझी तेरा सीटची क्रूझर आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या आजूबाजूच्या खेड्यांतून लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचे पेशंट, तिरुपतीचे भाविक असं सगळंच मी नेतो. कापूस विकून घरात पैसा आला की डिसेंबर-जानेवारीत हैदराबादचं भाडं हमखास येतं. चारमिनार, सालारजंग म्युझियम, पोरांसाठी रामोजी फिल्म सिटी आणि एका संध्याकाळी गोवळकोंड्याचा लाइट अँड साउंड शो. हा शो मी बाराएक वेळा तरी पाहिला असेल. बाहेर गाडीत बसून डास मारत राहण्यापेक्षा तिकीट काढून आत बसलेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार. पण पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडची दहातली आठ माणसं हा शो चुकीच्या पद्धतीने पाहतात आणि येताना म्हणतात, "काई मजा नाई आली राजा."

होतं असं की माणसं दिवसभर चारमिनारला बांगड्या घेत बसतात. साडेसहाला धावतपळत किल्ल्यावर पोचतात आणि थेट खुर्चीवर. अंधार पडतो, कुठून तरी घोड्यांच्या टापा ऐकू येतात, दूर एक भिंत लाल होते, मग दुसरीकडे एक कमान हिरवी. ती भिंत कशाची, ती कमान कोणाची, काहीच ठाऊक नसतं. इथे पडदा नाही, सिनेमासारखी माणसं दिसत नाहीत. अख्खा किल्लाच पडदा आणि गोष्ट सगळी कानाने ऐकायची. 2024 मध्ये शो नवा केला, आता भिंतींवर चित्रंही पडतात, तरी मूळ मामला तोच. म्हणून मी आता भाडं ठरवतानाच सांगतो: किल्ला दुपारी पाहायचा, शो रात्री. एकाच दिवशी, याच क्रमाने. कबूल असेल तर गाडी काढतो.

आमच्याकडून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पहाटे चारला निघालो की पाटणबोरी, मग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल, गोदावरीचा पूल, आर्मूर, कामारेड्डी. रस्ता सरळ चव्वेचाळीस नंबरचा. रेल्वेच्या भानगडीत आमच्या भागातल्या माणसाने पडू नये, आदिलाबादची गाडी मुदखेडला वळसा घालून जाते. खाजगी गाडी भाड्याने घेत असाल तर तेलंगणात चालणारं टुरिस्ट परमिट आहे का ते आधी विचारा, नाहीतर सीमेवर दोन तास जातात आणि पोरं उन्हात रडतात. मेडचल गेलं की शहरात शिरू नका. आउटर रिंग रोड धरा आणि गच्चीबावलीकडून किल्ल्याला या. शेवटचा तुकडा वस्तीतून आहे. जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी निघते, तिथे अर्धा तास हाताशी ठेवा. बाराच्या आत पोचून कुठेतरी जेवून घ्या. दोन वाजता किल्ल्याच्या दारात उभं राहायचं.

किल्ल्याचं तिकीट वेगळं, शोचं वेगळं. किल्ला पुरातत्त्व खात्याचा आहे, माझ्या मागच्या खेपेला माणशी 25 रुपये होते, पंधरा वर्षांखालच्या पोरांना फुकट. शोचं तिकीट संध्याकाळी मिळतं. त्याआधी एक काम जे कोणी करत नाही: कोणत्या वारी कोणत्या भाषेत शो आहे ते फोन करून विचारा. तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी असे वार वाटलेले असतात आणि वेळापत्रक बदलत राहतं. एकदा बाहेर तिकीट काढून देणाऱ्या एका माणसाने "आज हिंदीच आहे" म्हणून पैसे घेतले आणि आत इंग्रजी निघालं. पहिल्या पंधरा मिनिटांत चार आज्या खुर्चीवरच झोपल्या. पाचवी जागी होती, ती दर दोन मिनिटांनी मला विचारायची, "भाऊ, थो राजा मेला का जिता हाय?" तेव्हापासून खिडकीवरच्या माणसाकडून स्वतः ऐकल्याशिवाय मी पैसे काढू देत नाही. आमच्या पाटणबोरीकडच्या लोकांना मात्र तेलुगूचा दिवसही चालतो, त्यांची अर्धी सोयरीक तिकडेच.

आता वर चढायचं कसं. बालाहिसार दरवाज्याच्या घुमटाखाली पाऊल ठेवलं की थांबा आणि टाळी वाजवा. तिथे वाजवलेली टाळी वरच्या टोकाच्या वाड्यापर्यंत ऐकू जाते. शत्रू आला की पहारेकऱ्याने इशारा द्यावा म्हणून ही सोय. आमच्यातले दोघे आधी वर पाठवायचे, त्यांनी वरून रुमाल हलवायचा, मग खालच्यांनी टाळी वाजवायची. गर्दीच्या दिवशी प्रत्येकजण टाळ्या पिटतो, त्यात आपली कोणती ते कळत नाही, पण पोरांना त्याचं काही नाही. मोठ्यांनी मात्र हा घुमट लक्षात ठेवावा, रात्री कामी येतो.

पायऱ्या साडेतीनशेच्या वर आहेत. गुडघे धरलेल्या माणसांनी अंबरखान्यापर्यंत, म्हणजे धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन बसलं तरी चालेल. चढताना वाटेत रामदासाची कोठडी लागते, ती चुकवू नका. हा आपला समर्थ रामदास नव्हे, हे मला दर खेपेला सांगावं लागतं. हा कंचर्ला गोपन्ना, सुलतानाचा महसूल गोळा करणारा माणूस. सरकारी पैशातून त्याने भद्राचलमला रामाचं देऊळ बांधलं म्हणून त्याला इथे बारा वर्षं डांबलं. भिंतीवर त्याने कोरलेले राम, मारुती दाखवतात. लोक सांगतात की शेवटी राम-लक्ष्मणाने सुलतानाच्या स्वप्नात येऊन सगळी रक्कम चुकती केली. आमच्या गाडीतली एक बाई हे ऐकून म्हणाली, "आमचं सोसायटीचं कर्ज फेडाले कोनी येत नाई." कोठडीत सगळे हसले.

शेतकरी माणसाने पाण्याची व्यवस्था पाहावी. मातीच्या नळ्या भिंतीत बसवलेल्या आहेत, रहाटाने पाणी एका टाक्यातून वरच्या टाक्यात, तिथून आणखी वर, असं टप्प्याटप्प्याने टेकडीवर चढवत होते. आमच्या गावचा एक म्हातारा इथे अर्धा तास हलला नाही. मोट हाकलेला माणूस, बैल कुठे फिरत असतील, उतार कुठे दिला असेल, सगळं बोटाने दाखवत होता. गाइड गप्प ऐकत होता.

वरच्या बाजूला जगदंबा महाकालीचं देऊळ आहे. केळापूरच्या जगदंबेला जाणाऱ्या आमच्या बायांना हे आधी सांगितलं की गुडघ्यांची कुरकुर निम्मी होते. आषाढात हैदराबादचे बोनालू, म्हणजे देवीचा उत्सव, इथूनच सुरू होतात, त्या दिवसांत मात्र शोच्या नादाने येऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. टोकाच्या वाड्यावर, म्हणजे बारादरीवर, पाच मिनिटं बसा. एका अंगाला इथल्या कुतुबशाही सुलतानांच्या कबरींचे घुमट दिसतात, दुसरीकडे पसरलेलं शहर. हे शहर या किल्ल्यातूनच निघालं, आणि रात्रीची गोष्ट त्याचीच. उतरताना दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी राणीमहालाकडे या. त्या उभ्या आहेत, लहान पोरांचा हात सोडू नका. पाचच्या सुमारास खाली.

मधल्या वेळात चहा प्या आणि गोष्ट सांगून टाका. शोच्या आधी ही गोष्ट मराठीत कानावर पडलेली असली की रात्री हिंदीचे शब्द निसटले तरी धागा सुटत नाही. मी साधारण अशी सांगतो.

इथे आधी काकतीय राजांच्या काळची मातीची गढी होती. मग बहामनी आले. त्यांचा सरदार सुलतान कुली याने 1518 मध्ये स्वतःचं राज्य मांडलं, तिथून कुतुबशाही. मातीचा किल्ला दगडाचा झाला. गर्दी वाढली, पाणी पुरेना, तेव्हा पाचवा सुलतान मुहम्मद कुली याने 1591 मध्ये मुसी नदीपलीकडे नवं शहर वसवलं आणि मधोमध चारमिनार बांधला. त्याच्या भागमती नावाच्या प्रेयसीवरून शहराला भागानगर म्हणत अशी कथा आहे. इतिहासवाले त्यावर भांडतात, शोमध्ये मात्र ती फार गोड रंगवतात. इथल्या बाजारात कोल्लूरच्या खाणीतले हिरे यायचे. शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह. त्याचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा, दोघे भाऊ. याच तानाशाहाला भेटायला 1677 मध्ये आपले शिवाजी महाराज आले होते. भेट खाली भागानगरात झाली, किल्ल्यावर नाही, हेही सांगा, नाहीतर पोरं प्रत्येक दगडाला विचारतात, "महाराज इथं बसले होते का?" येसाजी कंकाने हत्तीशी झुंज दिली ती आख्यायिका याच मुक्कामाची. मग दहा वर्षांनी औरंगजेब आला. आठ महिने वेढा दिला, तोफांनी किल्ला पडेना. 1687 मध्ये आतल्याच एकाने, अब्दुल्ला खान पन्नीने, रात्री दार उघडलं. तानाशाहाला धरून आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात ठेवलं, तिथला चिनी महाल पाहिला असेल तर हाच तो कैदी.

ज्यांनी दौलताबाद पाहिलंय ते इथे एकदम सावरून बसतात.

आता शोची बैठक. खुर्च्या मोकळ्या आकाशाखाली असतात. फार पुढे बसू नका, मधल्या रांगा घ्या. आवाज चहूबाजूंनी फिरतो आणि मान सारखी वळवावी लागते, पुढे बसलं की मागचा अर्धा किल्ला पाठीशी जातो. जानेवारीत दगड रात्री गार पडतो, आज्यांना शाल आणि पोरांना कानटोपी. ओडोमॉस आधीच लावा, अंधार पडला की डास तुटून पडतात. लघवीला आधी जाऊन या, एकदा दिवे गेले की त्या खडबडीत जागेत उठणं म्हणजे पाय मुरगाळून घेणं. शो तासाभराचा असतो, लहान लेकराला झोप येणार हे धरून चाला. मोबाइलने शूटिंग करणारा आपल्याच गाडीत एक तरी असतोच, त्याच्या पडद्याच्या उजेडाने मागच्या दहा माणसांचा अंधार नासतो. मी त्याला गाडीतच दम देतो. पाऊस आला तर शो होत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टचं भाडं मी या कामासाठी घेत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला किल्ला चढणं हा वेडेपणा आहे, तेव्हा चारला चढा आणि राणीमहालावर समाधान माना.

मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शोला अमिताभ बच्चनचा आवाज होता. माझ्या गाडीतली माणसं आवाज ओळखून टाळ्या वाजवायला लागली, गोष्ट कोणी ऐकलीच नाही. पण मागच्या जानेवारीची खेप वेगळी होती. वेढ्याचा भाग आला, सगळे दिवे गेले, फक्त दारावरचा घुमट उजळला. दुपारी जिने तिथे उभं राहून सात-आठ वेळा टाळी वाजवली होती ती आजी माझा दंड धरून म्हणाली, "हेच ना बाप्पा ते दार? आता थो बेमान उघडते पाय." आणि खरंच, पुढच्याच वाक्याला पन्नीचं नाव आलं.

शो सुटल्यावर रात्रीच परत निघायची घाई करू नका. ड्रायव्हर पहाटे चारपासून जागा असतो, आणि हे मी माझ्यापुरतं नाही सांगत. मुक्काम मेहदीपट्टणम किंवा लकडीकापूलच्या बाजूला आधी ठरवून ठेवा, जेवण दहाच्या आत मिळेल असं बघा. दाराबाहेर सगळ्या गाड्या एकदम सुटतात, अंधारात आपली क्रूझर ओळखू येत नाही. मी आरशाला लाल गमछा बांधून ठेवतो. माणसं मोजूनच गाडी हलवा, एकदा आमचे एक काका दुसऱ्याच गाडीत बसून निजामाबादकडे चालले होते.