डेंटिनला बॉन्ड लावताना सगळा खेळ ओलाव्याचा

आमच्या इथे नाशकात नुकतंच क्लिनिक टाकलेले ज्युनिअर्स एकच रडगाणं गातात, सर कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) मस्त दिसतंय पण पेशंट तिसऱ्या दिवशी परत येतो, गार पाणी लागलं की सळक जाते म्हणतो. म्हटलं बॉन्ड, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारं रेझिन, कसा लावायचा ते एकदा लिहूनच टाकू.

इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, सोपं आहे. वजनाने 96 टक्के खनिज, एच करा (ॲसिड लावून खरबरीत करा), खडखडीत वाळवा, खडूसारखं पांढरं दिसलं की काम झालं, ही युक्ती बुओनोकोरेने 1955 मध्येच दाखवलीय. त्याच्या आतला थर, डेंटिन, म्हणजे वेगळंच प्रकरण. खनिज साधारण 70 टक्के, बाकी कोलॅजन आणि पाणी, आणि बारीक नळ्यांमधून पल्पकडचं (दाताच्या आतल्या नसेकडचं) पाणी झिरपत असतंच, कॅव्हिटी जितकी खोल तितकं जास्त.

ॲसिडने खनिज निघालं की उरतं ते कोलॅजनचं जाळं. बॉन्ड त्या जाळ्यात शिरून क्युअर झाला (लाइटने कडक झाला) की हायब्रिड लेयर तयार होतो, पकड तीच. आता शिजलेल्या शेवया ताटात तशाच राहिल्या की कशा एकमेकींना चिकटून गोळा होतात, जास्त हवा मारली की जाळ्याचं तेच होतं, बॉन्ड वरच्यावर राहतो, खाली नळ्या उघड्या. मी सुरुवातीला हेच केलं होतं. पिंपळगावकडचे एक द्राक्षवाले काका, खालची दाढ, मी थ्री-वेने (हवा-पाण्याच्या सिरिंजने) दहा सेकंद जोरात हवा मारली, वर फिलिंग झाल्यावर स्वतःच खूश. चौथ्या दिवशी काका दारात, "डॉक्टर, माठातलं पाणीबी प्यायला येईना." सगळं काढून परत केलं, फुकटात अर्थातच.

तर करायचं काय. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारी रबरी शीट) लावा, नसेलच तर कॉटन रोल आणि सक्शन तरी नीट, लाळ लागली की पुढचं सगळं वाया. 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड आधी इनॅमलच्या कडांना, मग डेंटिनला, आणि डेंटिनवर 15 सेकंदांच्या वर नाही म्हणजे नाही, जास्त खोल एच झालं तर बॉन्ड तळापर्यंत पोचतच नाही. भरपूर धुवा. मग डेंटिनवर थेट हवा न मारता ओलसर कॉटन पेलेटने टिपून घ्या. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी मंद चमक हवी, डबकं नको आणि कोरडं मॅटही नको.

हा अंदाज येत नसेल तर सरळ युनिव्हर्सल बॉन्ड (डेंटिनवर वेगळं ॲसिड न लावताही चालणारा) घ्या आणि ॲसिड फक्त इनॅमलला लावा. मी स्वतः आता बहुतेक केसेस अशाच करतो, सळकेची तक्रार खूप कमी झालीय.

बॉन्ड नुसता फासू नका, मायक्रोब्रशने 20 सेकंद घासत राहा (बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा). मग हलकी हवा, थराच्या लाटा हलायच्या थांबेपर्यंत, कारण आत सॉल्व्हंट (बॉन्डमधला उडून जाणारा द्रव) राहिलं तर थर कच्चा राहतो. हवा मारायच्या आधी सिरिंज एकदा आरशावर मारून बघा, पाण्याचे थेंब किंवा तेलकट डाग दिसला तर आधी कॉम्प्रेसर साफ करा. आणि एप्रिल-मेमध्ये बॉन्ड आधीच काढून ठेवू नका, ॲसिटोनवाला तर पेशंटशी द्राक्षांच्या भावावर गप्पा होईपर्यंत उडून जातो.

क्युअर करून कंपोझिट 2 मिलीमीटरच्या थरांत. आधी युजेनॉलवालं (लवंगेच्या तेलातलं) टेम्पररी फिलिंग होतं तर कॅव्हिटी नीट साफ करून घ्या, युजेनॉल रेझिनला सेट होऊ देत नाही.

एवढं करूनही पेशंट आलाच, तर लगेच फिलिंग उकरायला बसू नका, विचारा की गार लागतं का चावताना दुखतं. चावताना असेल तर आधी आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर टेकतं तिथे रंग उमटवणारा कागद) घ्या, बऱ्याचदा फिलिंग नुसतं उंच राहिलेलं असतं.