खाऱ्या पाण्याच्या टाकीची नोंदवही आखण्यापूर्वी

घरात समुद्री मासे पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी नोंदवही आखताना तारखेच्या शेजारचा पहिला रकाना मोजणारे उपकरण शेवटचे कधी पडताळले, याचा असावा. माझ्या मागील वहीत तो रकाना नव्हता. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारे उपकरण, दर वेळी १.०२५ हे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता, जी खारेपणाबरोबर वाढते) दाखवत राहिला, तोच आकडा वहीत उतरत राहिला आणि प्रत्यक्षात पाणी १.०३० च्या पुढे गेले. आधी गोगलगायी व कोळंब्या मेल्या. मासे वाचले, कारण क्षारतेतील संथ बदल ते अधिक काळ सोसतात. नोंदी नियमित असल्यामुळेच त्यांच्याविषयी शंका आली नाही, आणि नेमके याचसाठी मी पडताळणीचा आग्रह धरतो.

रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याने शून्यावर आणला की काम संपले, हा समज सोडावा. शून्य जुळले म्हणून ३५ (समुद्राच्या पाण्याची क्षारता, दर हजारी भागांत) जुळतेच असे नाही, कारण बाजारातील बरीच स्वस्त उपकरणे साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट वगैरेही असतात. पडताळणी दर हजारी ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणानेच करावी. ते मिळत नसेल, तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. मात्र हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरपुरतेच आहे, घनता मोजणाऱ्या तरंगत्या हायड्रोमीटरला ते चालणार नाही. बाटलीचे झाकण सैल राहिले तर पाणी उडून द्रावणच अधिक खारे होते, म्हणून बाटली उघडल्याची तारीखही वहीत हवी. महिन्यातून एकदा पडताळावे, आणि उपकरण हातातून पडले किंवा आकडा अचानक बदलला, तर त्याच दिवशी. आकडा मुळीच बदलत नसेल, तरीही पडताळावे.

पाण्याची पातळी रोज पाहावी. उडून जाते ते केवळ पाणी, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे घट भरून काढताना गोडे शुद्ध पाणीच घालावे, खारे कधीही नाही. संपवर (मुख्य टाकीला जोडलेल्या, फिल्टर ठेवायच्या खालच्या टाकीवर) एक रेघ मारून ठेवावी आणि किती लिटर घातले ते लिहावे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंड ठेवण्यासाठी पंखा लावला की बाष्पीभवन वाढते आणि घालावयाचे पाणीही वाढते. मुंबईच्या दमट जुलैमध्ये तोच पंखा पाणी कमी उडवतो आणि थंडावाही कमी देतो. वर्षभर रोज ठरावीक तांब्याभर पाणी घालण्याची सवय म्हणूनच घातक आहे. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारची नोंद सकाळच्या नोंदीपेक्षा महत्त्वाची ठरते.

हे गोडे पाणी स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे घेऊ नये. चव राखण्यासाठी अशा अनेक यंत्रांत थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळले जाते किंवा खनिजे घातली जातात. टाकीसाठीचा आरओ-डीआय संच (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा) वेगळा असावा, त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) शून्याजवळ असावा आणि ते मोजणारा मीटरही पडताळलेला असावा. समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरून पाणी आणण्याचा मोह आवरावा. शहराजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते.

दर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलावे, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत वीस लिटर. मीठ आदल्या रात्रीच पाण्यात टाकून पंपाने ढवळत ठेवावे, कोरडे मीठ टाकीत कधीही टाकू नये. नव्या पाण्याचे तापमान आणि क्षारता टाकीशी जुळवूनच ते ओतावे. ही जुळवणी ज्या उपकरणाने करणार, ते शेवटचे कधी पडताळले? तारीख वहीत नसेल, तर बादली बाजूला ठेवून आधी पडताळणी करावी.

चाचण्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नायट्रेट पंधरवड्यातून एकदा मोजावे. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने माझी टाकी माशांची व लहान अपृष्ठवंशीयांची आहे, म्हणून प्रवाळांना सांगाड्यासाठी लागणाऱ्या कॅल्शियमसाठी मी वेगळा रकाना ठेवत नाही. पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता) मात्र लिहावी. चाचणी संचांतील रसायनांना मुदत असते. ती खोक्यावर छापलेली असते आणि खोके आपण फेकून देतो. मुदत वहीत उतरवून घ्यावी, कारण जुन्या रसायनाने काढलेला शून्य हा शून्य नसतो.

स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणाचा) पेला व त्याची मान आठवड्याला धुवावी. फिल्टरचा कापूस दोन-तीन दिवसांनी आणि कार्बन महिन्याने बदलावा. पंप तीन-चार महिन्यांनी सायट्रिक आम्लाच्या पाण्यात ठेवून साफ करावेत. प्लगवर मिठाची पांढरी पुटे दिसली, तर आधी वीज बंद करून मगच ती पुसावीत.

गावी जाण्यापूर्वी माशांचे खाद्य रोजच्या पुड्यांत बांधून द्यावे, कारण शेजारी मायेने जास्त घालतात. बॅटरीवरचा हवेचा पंप चालवून पाहावा. एक जादा पंप घरात ठेवावा.